डाव्या पायाचं माप

सावकाशकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. बूट कधी मिळतील असं कोणी विचारलं की ते म्हणत, "होईल सावकाश," आणि गल्लीने तेच नाव त्यांना चिकटवून टाकलं. तीस वर्षं ते हाताने बूट-चपला शिवत होते. पहिली वीस हौसेने, पुढची पाच सवयीने आणि शेवटची पाच दुसरं काही येत नाही म्हणून. पलीकडच्या रस्त्यावर तयार बुटांची दोन चकचकीत दुकानं आल्यापासून नवा जोड करून घेणारं गिऱ्हाईक महिन्यातून चार-पाच. बाकी सगळं तळ बदला, टाच ठोका, अंगठा शिवा.

पाठ तर पार कामातून गेली होती. ठेंगण्या स्टुलावर बसताना काका भिंतीला धरत आणि उठताना बायकोला. बायको मागच्या खोलीच्या दारात, खिडकीच्या उजेडात बसून वरचं चामडं शिवून देई. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे "दोरा संपला" आणि "चहा झालाय", एवढंच.

बायकोच्या भावाने आपल्या गोदामात काकांसाठी जागा बघून ठेवली होती. काम काय, तर खुर्चीत बसून पावत्यांवर शिक्के मारायचे. टेकायला पाठ असलेली खुर्ची, या एका गोष्टीवरच काका अर्धे विरघळले होते. एक तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. हो म्हटलं की दुकानाला कायमचं कुलूप. मनातून त्यांचं हो झाल्यातच जमा होतं. बायकोला विचारावं, असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

अशा मनाने केलेल्या कामाचं काय होणार? दवाखान्यातल्या एका सिस्टरचे बूट हातात होते. माप घ्यायची पद्धत वडिलांनी घालून दिलेली. गिऱ्हाईक बसलं की त्याचा उजवा पाय कागदावर घ्यायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, डाव्याकडे बघायचंसुद्धा नाही. वेळ वाचतो, कागद वाचतो. मग त्या मापाचे दोन फर्मे, म्हणजे पायाच्या आकाराचे लाकडी साचे, खुंटीवरून काढायचे आणि त्यांवर चामडं ताणायचं. त्या दुपारी पाठ अशी ठणकत होती की काकांनी मान वर न करताच हात लांबवला, आणि डावा फर्मा शेजारच्या खुंटीवरचा, अर्धा नंबर मोठा, हातात आला. चामडं बसवताना जरा जास्तच ओढावं लागलं. तो दोष त्यांनी चामड्याच्या माथी मारला.

सिस्टर बूट घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी फर्मे टांगताना काकांच्या लक्षात आलं. शिकत असताना ही चूक झाली असती तर वडिलांनी तोच फर्मा पाठीत घातला असता. आता आपण या धंद्यातून उठावं हेच खरं, असं त्यांना वाटलं. सिस्टर भांडायला कधी येतात, याची ते आठवडाभर वाट बघत राहिले.

आठव्या दिवशी त्या आल्या, आणि सोबत एक मैत्रीणही. काकांनी माफीचे शब्द जुळवले, पण आधी सिस्टरच बोलल्या.

"काका, बारा-बारा तास उभी असते मी. डावा पाय संध्याकाळपर्यंत ठणकला नाही, असं या नोकरीत पहिल्यांदाच झालं. डाव्या बुटात जागा तुम्ही मुद्दामच जास्त ठेवलीत ना?"

इथे काकांनी मान खाली घालायला हवी होती. त्यांनी ती होकारार्थी हलवली. इतक्या दमलेल्या माणसाला खरं सांगत बसण्याचाही कंटाळा येतो.

मैत्रिणीलाही तसेच बूट हवे होते. काकांनी पहिल्यांदाच दोन्ही पाय कागदावर घेतले. तिचा उजवा मोठा निघाला. मग त्यांना नादच लागला. टाच ठोकायला आलेल्या माणसालाही ते दोन्ही पाय ठेवायला लावत. पोस्टमनचा डावा मोठा, तो इतकी वर्षं मोजा एकाच पायात घालत होता. शाळेतल्या बाईंचा उजवा. गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की दोष आपल्या पायाचाच आहे, आणि काकाही तीस वर्षं सगळ्यांना एवढंच सांगत आले होते, घाला, सैल पडेल.

काकांनी पुठ्ठ्यावर लिहून दारात लावलं, 'दोन्ही पायांचं माप घेतलं जाईल.' महिनाअखेरीला अकरा नवे जोड हातात होते. नवी कल्पना सुचली की माणूस ताजातवाना होतो म्हणतात. काका उलट जास्तच दमले. पाठ होती तिथेच होती, काम मात्र दुप्पट झालं.

तीस तारखेला मेहुणा उत्तर घ्यायला आला. पुठ्ठा वाचून हरखलाच. त्याच्या गोदामाच्या मालकांनी नुकतंच एक व्याख्यान ठेवलं होतं, नव्या धंद्याच्या कल्पना कुठून येतात यावर. वक्त्याने म्हणे तीन तास घेतले होते.

"भावोजी, तुम्हाला कुठून सुचलं हे?"

काकांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली आणि सुरू झाले. अनेक वर्षं लोकांची चाल न्याहाळत होतो, झिजलेले तळ बघून अंदाज बांधत होतो, मनात कधीचं घोळत होतं, वगैरे. थाप इतकी झकास जमली की त्यांना स्वतःलाच पटायला लागली. मेहुणा मान डोलावून, उद्या सकाळी काय ते नक्की सांगा म्हणून निघून गेला.

मागे दारात सुई थांबली होती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. डावी चप्पल लागते, जरा मोठी करून द्या म्हटलं होतं."

काकांना काही आठवेना. मग आठवलं. याच स्टुलावर बसून, तिच्याकडे न बघता त्यांनी उत्तर दिलं होतं. घाल, सैल पडेल.

"परत का नाही बोललीस?"

"बोलले की. तीन-चारदा. मग सोडून दिलं."

काकांना लाज वाटली, अगदी उघडी लाज. गावभरचे पाय मापणारा माणूस, आणि जी बाई आठ हातांवर बसून रोज त्यांच्यासाठी चामडं शिवत होती, तिचा पाय त्यांनी एकदाही हातात घेतला नव्हता. ते भिंतीला धरून उठले, कागद घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने आधी नको म्हटलं, मग चप्पल काढली. डाव्या अंगठ्याशी हाड बाहेर आलं होतं आणि शेजारची दोन बोटं एकमेकांवर चढून तशीच राहिली होती. काकांनी पेन्सिल फिरवली. हाडापाशी ती अडली तेव्हा त्यांनी हात जरा हलका केला.

"गोदामाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. हेही ते तिला पहिल्यांदाच विचारत होते.

बायकोने कागदावरच्या त्या वेड्यावाकड्या रेषेवरून बोट फिरवलं.

"आता चप्पल मापाची केलीत तरी लागणारच ती," ती म्हणाली. "पण करा."

तेच गोदामाचं उत्तर धरून सकाळी काकांनी मेहुण्याला नाही म्हणून कळवलं.