देवरावभाऊंची डीएलएल

हुशार माणसांच्या ऑफिसात काम होतं. किस्से घडतात ते साहेबांना थोडंसं समजायला लागलं की! आमच्या साहेबांना रोज थोडंथोडं समजत होतं, म्हणून माझ्याकडे साठा मोठा.

विंडोज नवं नवं आलं होतं. चंद्रपुरात आम्ही लाकूड डेपोच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवायचो. पडद्यावरची बटणं मी व्हीबीत, म्हणजे व्हिज्युअल बेसिकमध्ये, करायचो. काट्यातून वजन वाचायचं अवघड काम देवरावभाऊंनी सी भाषेत लिहून, कंपाइल करून एका फाइलीत बंद केलेलं. ती डीएलएल. माझ्या व्हीबीनं तिला हाक मारायची, तिनं वजन द्यायचं. एवढंच!

*

एकदा हाक मारताना मी एक शब्द विसरलो. प्रोग्राम गायब! ना मेसेज, ना काही.

साहेब ओरडले, "एरर काऊन नाई आली?"

देवरावभाऊ तंबाखू मळत म्हणाले, "एरर दाखवायले प्रोग्राम जिता तर पायजे!"

*

एकदा वजन ठेवायला मेमरीत जागाच न करता मी वजन मागितलं. ते आलं, पण ड्रायव्हरच्या नावावर जाऊन बसलं. पावतीवर छापलं, ड्रायव्हर: १८४५०!

ड्रायव्हर भडकला, "मी काय कैदी आहो का?"

देवरावभाऊ मला म्हणाले, "पोतं न देता धान मागतलं तुनं. मी ओतलं. शेजाऱ्याच्या अंगणात पडलं तर माह्या काय दोष?"

*

मग साहेबांनी डीएलएल नोटपॅडमध्ये उघडली. चौकोन, टिंबं, भलतीच अक्षरं!

"किती घाण लिहिते हा माणूस! अन् कंपनीचं नाव कुठीच नाई?"

त्यांनी वर कंपनीचं नाव टाकलं आणि सेव्ह केलं. फाइल मोडली, काटा दोन दिवस बंद! साहेबांनी खापर देवरावभाऊंवर फोडलं.

"व्हीबीत सारं होते. डीएलएल नको अन् देवरावबी नको!"

देवरावभाऊंच्या दोन पोरी शिकत होत्या. मला फार वाईट वाटलं, पण नोकरीच्या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. वजन वाचणं व्हीबीत कसंबसं बसवलं. शुक्रवारी देवरावभाऊंना घरी पाठवलं.

*

शनिवारी बल्लारपूरच्या डेपोत डेमो. देवरावभाऊ ऑफिसच्या कपाटाची किल्ली द्यायला तिथंच आले होते.

डेमोच्या आधी साहेबांनी स्वतः मशीन साफ केलेलं. ज्या ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी डीएलएल लिहिलेलं दिसलं, ती ती उडवली. खुद्द विंडोज ज्यांवर चालतं, त्यासुद्धा!

सागाचा ट्रक काट्यावर चढला. मी मशीन सुरू केलं. पडदा काळा तो काळाच.

साहेब छाती फुगवून म्हणाले, "पाहा, आत एकबी डीएलएल नाई!"

डेपोच्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "छान. वजन किती आलं?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. "देवरावभाऊ..." सात वर्षांत पहिल्यांदा भाऊ म्हणाले!

देवरावभाऊंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मले तर तुम्ही कालच उडवलं ना, साहेब!"