हिरव्या दिव्यावर विश्वास नसलेले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका हिरव्या रंगावर अविश्वास असलेला माणूस उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही, आणि मला विचाराल तर पट्ट्याबाहेरही सापडायचा नाही. सिग्नल हिरवा झाला की जग पुढे निघतं. साडू स्कूटरवर बसल्या बसल्या आधी डावीकडे बघणार, मग उजवीकडे, मग पुन्हा एकदा डावीकडे, आणि मागच्या रिक्षावाल्यांनी त्यांच्या सगळ्या खानदानाची आठवण काढली की सावकाश निघणार. बाजारात मटारची शेंग जितकी हिरवीगार तितका त्यांचा संशय जास्त. दोन-तीन सोलून आत दाणे आहेत याची खात्री केल्याशिवाय पिशवी पुढे होत नसे. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "लग्नात मी हिरवा शालू नेसले होते ना, म्हणून अजून माझ्याकडे असं बघतात."

या अविश्वासाचं मूळ आमच्या नोकरीत होतं. आम्ही दोघंही एकाच इंटरनेट कंपनीत, पण वेगवेगळ्या गावांत. आमच्या सिंधी शेठनी कंपनी तुकड्यातुकड्यांनी वाढवली होती. अंबरनाथचं जाळं त्यांचं स्वतःचं, पुढे उल्हासनगरच्या एका केबलवाल्याचं त्यांनी विकत घेतलं, त्यानंतर बदलापूरचं. प्रत्येक जाळ्याची यंत्रं वेगळी, पडदे वेगळे आणि त्या पडद्यांवर नजर ठेवणारी कंट्रोल रूमही वेगळी. उल्हासनगरची खोली कॅम्प पाच या भागात होती, तिथे साडू. अंबरनाथ पूर्वेच्या खोलीत मी. बदलापूरला जवळच्याच गावातल्या शेतकरी घरातली एक इंजिनीअर बाई होती, तिला सगळे ताई म्हणत. पडद्यावर प्रत्येक यंत्राचा एक ठिपका. हिरवा असला की यंत्र ठीक, लाल झाला की धावाधाव. तक्रार आली की तिन्ही खोल्यांतली माणसं आपापल्या पडद्याकडे बघायची आणि फोनवर आळीपाळीने सांगायची, "आमच्याकडून ओके आहे." गिऱ्हाइकाचं इंटरनेट बंद ते बंदच, आणि आम्ही तिघं मात्र ओके. मी तर हे वाक्य इतक्या शांत, तृप्त आवाजात म्हणायचो की घरचे म्हणत, सत्यनारायणाला बसल्यावरसुद्धा तुमचा आवाज असा लागत नाही.

साडूंना ते वाक्य सहन व्हायचं नाही. सगळे ठिपके हिरवे असले की ते अस्वस्थ होत, फोन उचलत आणि कुणातरी गिऱ्हाइकाला लावून सिंधी अदबीने विचारत. "नमस्कार साईं, सब ठीक चल रहा है ना?" तक्रार नाही, काही नाही, उगीचच फोन. कॅम्प पाचमध्ये ड्रेस शिवून मोबाइलवर लाइव्ह दाखवून विकणाऱ्या एक बाई होत्या. त्या त्यांना एकदा म्हणाल्या, "भाईसाब, नेट बंद होता है तो डर नहीं लगता. आपका फोन आता है तो लगता है." पण त्याच बाईंनी पुढे मुलीच्या लग्नाची पत्रिका पहिल्यांदा कंट्रोल रूममध्ये आणून दिली. कुणाच्या दुकानात नवीन माल आलाय, कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे सगळं साडूंना ठाऊक असे. यंत्रांचे नंबर मात्र त्यांना कधी पाठ झाले नाहीत. ते एका यंत्राला "जिन्याखालचं" म्हणत, दुसऱ्याला "गरम होणारं".

त्यांची दुसरी खोड म्हणजे कुठलीही गोष्ट निघाल्यापासून पोचेपर्यंत तिच्याबरोबर चालत जाणं. माझ्या मुलीचा साखरपुडा शिवमंदिराजवळच्या हॉलमध्ये होता. पुढच्या रांगांना सरबत दोनदा मिळालं, मागच्यांना एकदाही नाही. स्वयंपाकघरातला माणूस म्हणाला, आमच्याकडून सगळे ग्लास गेलेत. हॉलमधला म्हणाला, माझ्याकडे आले तेवढे मी वाटले. साडूंनी एक ग्लास उचलला आणि रेशमी झब्ब्यात त्या ग्लासबरोबर स्वयंपाकघरापासून चालायला लागले. मधल्या बोळात एक टेबल होतं. आतल्या माणसाचं काम त्या टेबलापर्यंत, बाहेरच्याचं काम स्टेजजवळच्या टेबलापासून. मधल्या पंधरा पावलांचं काम कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तिथे तीन ट्रे भरून सरबत कोमट होत पडलं होतं. उरलेला कार्यक्रमभर साडू स्वतः ट्रे वाहत राहिले. नवऱ्या मुलाच्या काकांनी त्यांना केटररचा माणूस समजून कमी गोड आणायला सांगितलं. साडूंनी आणून दिलं.

दोन वर्षांपूर्वी शेठनी ठरवलं की तिन्ही जाळी एकाच नव्या सिस्टिममध्ये घ्यायची आणि तीन खोल्यांची एकच खोली करायची, अंबरनाथला. लगेच कुजबूज सुरू झाली की खोली एक तर माणसं तरी तिप्पट कशाला. बदलापूरची ताई मला फोनवर म्हणाली, "सर, आमची खोली बंद झाली तर मी रोज अंबरनाथला येईन ओ, पण बोलवतील का?"  माझं स्वतःचं काय होणार, हेच मला माहीत नव्हतं. प्रत्येक जण आपली खोली किती बिनचूक आहे हे दाखवायच्या मागे लागला, आणि नेमकी तेव्हाच कॅम्प पाचमधल्या एका छोट्या हॉस्पिटलची तक्रार आली.

त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढत, पण तो वाचणाऱ्या डॉक्टरबाई बदलापुरात राहायच्या. फोटो उल्हासनगरहून निघून आमच्या अंबरनाथमधून जाऊन त्यांच्या पडद्यावर उमटायचा, एरवी दोन मिनिटांत. रोज सकाळी अकरानंतर मात्र तासतास लागायचा. तिन्ही खोल्यांनी बघितलं. सगळं हिरवं. मी तर लेखी कळवलं की अंबरनाथकडून ओके आहे.

साडूंनी मला फोन केला. "उद्या मी तुमच्या खोलीत येऊन बसू का?"

उल्हासनगरचा माणूस आमच्या खोलीत याआधी कधी बसला नव्हता. मला ते आवडलं नाही. पण थोरल्या साडूला नाही म्हणता येत नाही, म्हणून "या की" म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन हजर. अकराच्या सुमाराला त्यांनी एका कानाला हॉस्पिटलच्या तंत्रज्ञाचा फोन लावला, दुसऱ्या कानाला डॉक्टरबाईंचा, आणि एका फोटोमागे निघाले.

"निघाला," ते म्हणाले. "आमच्याकडून पुढे गेला. आमच्याकडे याच्यावर अर्जंटची खूण लावतात. तुमच्याकडे आला का?"

"आला," मी म्हणालो.

"खूण आहे?"

मी बघितलं. खूण नव्हती. फोटो बाकीच्या गर्दीत शेवटच्या माणसासारखा रांगेत उभा होता. बाहेरच्या जगाकडे जाणारं आमचं दार बदलापुरात होतं, आणि अकरा वाजता कॅम्प पाचमधल्या सगळ्या लाइव्ह विक्रीवाल्यांचे व्हिडिओ त्याच वाटेने निघायचे. लाइन चालू, यंत्रं ठणठणीत, ठिपके हिरवे. फक्त अर्जंट काय आहे, हे अंबरनाथच्या वेशीवर पुसलं जात होतं.

"कोण पुसतं?" साडूंनी विचारलं.

मी सेटिंग उघडलं. एकच ओळ होती: बाहेरून येईल त्यावरची खूण काढून टाकावी. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझं. ती ओळ मी लिहिली तेव्हा उल्हासनगरचं जाळं आमचं नव्हतं, त्या केबलवाल्याचं होतं, आणि तो सरसकट सगळ्यालाच अर्जंट म्हणायचा. पुढे ते आमचं झालं, पण ओळ तशीच राहिली. मी ती विसरूनही गेलो होतो.

ओळ बदलायला दहा मिनिटं लागली. पुढचा फोटो दीड मिनिटात पोचला. फोनवर डॉक्टरबाई नुसतं "आला" म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की आदल्या आठवड्यात बांधकामावरून पडलेल्या एका मजुराचा छातीचा फोटो त्यांना पावणेदोन तास उशिरा मिळाला होता. माणूस वाचला. मोठ्या हॉस्पिटलात हलवून वाचला. पण तेवढा वेळ तो स्ट्रेचरवर धापा टाकत होता.

साडूंनी दोन्ही फोन ठेवले आणि डबा उघडला. मला जेवण गेलं नाही. त्यांनी आपल्या डब्यातली भेंडी माझ्या ताटलीत वाढली आणि म्हणाले, "शेठना मी काय ते सांगतो. तुम्ही बोलू नका."

दोन दिवसांनी बैठक झाली. शेठनी विचारलं, "गलती किसकी थी?"

साडू म्हणाले, "साईं, गलती बॉर्डर की थी. तीन गावं आपण घेतली, पण मधल्या जागेवर कुणाची ड्यूटीच लावली नाही."

शेठ मान हलवत होते. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मला ते स्ट्रेचर दिसत होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "शेठ, ती ओळ माझी होती. नंतर मी तपासली नाही. आणि ओके आहे असं लेखीही दिलं."

साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांचा सिग्नल तोडला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "अहो, एवढं मी छान गुंडाळलं होतं. मधे बोलायची काय गरज होती?"  शेठ मात्र आत एवढंच म्हणाले होते, "ठीक है. अब ऐसी जितनी लाइनें हैं, सब तुम ढूँढोगे. और ये साथ बैठेंगे."

आम्ही दोघं आणि ताई, तीन महिने बसलो. अशा अकरा ओळी निघाल्या. नवी खोली सुरू झाली तेव्हा शेठनी माणसं गावांप्रमाणे न वाटता कामांप्रमाणे वाटली: हॉस्पिटलं एकाकडे, शाळा एकाकडे, दुकानं एकाकडे, आणि ज्याचं काम त्याने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं. ही कल्पना अर्थात साडूंची. हॉस्पिटलं ताईकडे आली. ती रोज बदलापूरहून येते आणि खोलीत सगळ्यांत मोठ्याने तीच बोलते. दोघं जण नोकरी सोडून गेले, त्यांना नवं काम मानवलं नाही. बाकी सगळे टिकले. खोलीचा प्रमुख म्हणून शेठनी साडूंना विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव सांगितलं.

गेल्या दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर एक जाड वही ठेवली. मला वाटलं, यंत्रांची माहिती असेल. पण त्यात माणसं होती. "कॅम्प पाच, ड्रेसवाल्या बाई: दुपारी दोन ते तीन झोपतात, फोन करू नये." "डॉक्टरबाई: कमी बोलतात, रागावलेल्या नसतात." पानंच्या पानं. नवीन लागलेली मुलं ती वही आता यंत्रांच्या पुस्तकांपेक्षा जास्त उघडतात. शेवटचं पान मात्र मी पिनेने बंद करून ठेवलंय. तिथे लिहिलंय, "अंबरनाथचे साहेब: स्वतःची चूक चारचौघांत सांगतात. यांनी ओके म्हटलं तर बिनधास्त झोपावं." ऑफिसच्या कागदावर साडू नेहमी पूर्ण नाव आणि हुद्दा लिहीत, नात्याचा उल्लेख म्हणून करत नसत. त्या पानाखाली सहीच्या जागी त्यांनी नुसतं लिहिलंय, "तुमचा साडू."