पीएसएवाले काका

रेडिएशन संपल्यापासून प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीसाठी मी दर सहा महिन्यांनी मुलुंडच्या लॅबमध्ये रक्त द्यायला जातो. तिथे हमखास एक गृहस्थ भेटतात. फाइल साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत लपवलेली. दर दहा मिनिटांनी बाथरूमकडे पळणार आणि परत येऊन शेजारच्याला मोठ्याने सांगणार, “मला काय धाड भरलीय? शुगर बघायला आलोय!” ढोंगी लेकाचा! रेडिएशनच्या खोलीबाहेर महिनाभर माझ्यापुढे यांचाच नंबर असायचा. आजाराची एवढी लाज?

परवा काउंटरवरची मुलगी ओरडली, “पीएसएवाले काका कोण?” हे महाशय छताकडे बघत बसले. मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी मला विचारलं, “काका, तुम्हीच का?”

“छे हो,” मी म्हणालो, “माझं कोलेस्टेरॉल.”