मुकादमाची मोजणी

माझी वहिनी रडली नाही. दादा गेला त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. नातेवाईक येऊन तिच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. ती त्यांना चहा द्यायची, कप विसळायची, ओटा पुसायची. "दगड आहे हो नुसता," असं एक मावशी जिन्यात म्हणाली, तेही मला नीट ऐकू येईल इतक्या हळू. मला मावशीचा राग आला, पण त्याहून जास्त वहिनीचा आला. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं म्हणा. मी शाळेत मुलींना पीटी शिकवते. रजा संपल्यावर गळ्यात शिट्टी अडकवून मुकाट मैदानावर उभी राहिले. पण मी बहीण, ती बायको. आधी तिने रडायला हवं, असा माझा हिशोब होता.

दादा-वहिनी दोघंही कोरसमध्ये गायची. कोरसवाल्यांना कोणी ओळखत नाही. गायिका पुढे गाते, ही मंडळी मागे 'आ' आणि 'ओ' करतात आणि पिशवी उचलून घरी जातात. वहिनीचा गळा असा की पुढे उभी राहिली असती तर नाव काढलं असतं. पण एक खोड होती. तिला सुरुवात पकडता यायची नाही. हेडफोनमध्ये यंत्र टकटक करत असतं, त्यावर बाकीचे बरोबर तोंड उघडतात. वहिनी अर्धा श्वास मागे. एकदा तर तिला काढूनच टाकणार होते. तेव्हा तिच्या मागे उभा असलेला एक काटकुळा माणूस तिच्या कानाशी हलकेच मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार. आणि ती अशी चपखल शिरली की सगळ्यांनी वळून पाहिलं. तो माझा दादा. तेव्हापासून त्याची जागा तिच्या मागे ठरली ती ठरलीच, आणि लग्नही त्यातच जमलं. स्टुडिओत त्याला सगळे मुकादम म्हणायचे.

ती मोजणी कोणाला ऐकू येण्यासाठी नव्हतीच. काचेपलीकडे बसून आवाज टिपणारा रेकॉर्डिस्ट गाणं झालं की ती कापून टाकायचा. आयुष्यभर दादा मोजत राहिला आणि कोणीतरी ते कापत राहिलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

मग ते नाचाचं गाणं आलं. संगीतकार म्हणजे घरातसुद्धा लोकरी टोपी घालणारं एक पोरगं. त्या दिवशी दादाला सर्दी झाली होती, त्यामुळे 'तीन' जरा लांबला आणि 'चार' तुटक आला. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं झालं गाणं?"

"गाण्यात काही दम नाही," दादा म्हणाला. "ठेका बरा आहे. पोरं नाचतील चार दिवस."

पुढच्याच आठवड्यात तो दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

इकडे टोपीवाल्याने घोळ घातला. घरी काम करायला म्हणून त्याने गाणं नेलं ते न कापलेलं. दादाची मोजणी तशीच आत. ती ऐकून त्याचे मित्र नाचायला लागले, 'तीऽऽन' म्हणत एकमेकांना ढकलायला लागले. पोरगं हुशार. त्याने मोजणी काढली तर नाहीच, उलट गाण्याच्या तोंडाशी आणली आणि प्रत्येक कडव्याआधी पुन्हा लावली. मुकादम गेल्याचं त्याला तेव्हा ठाऊकही नव्हतं. गाणं बाहेर आलं आणि बघता बघता सुटलं.

औषधाच्या दुकानात तेच, बसमध्ये तेच, समोरच्या व्यायामशाळेत तर सकाळ-संध्याकाळ तेच. गायिकेचे शब्द कोणाला धड येत नव्हते, मोजणी मात्र सगळ्यांना पाठ. मैदानावर मी "एक, दोन" म्हटलं की मागच्या रांगेतून 'तीऽऽन' यायचा, हुबेहूब दादाचा, सर्दीसकट. मी शिट्टी फुंकायचे. हा आवाज कोणाचा, यावर वर्तमानपत्रात चर्चा झडली. एका विद्वानाने लिहिलं की हा संगणकाने बनवलेला आवाज आहे, खरा माणूस इतका कंटाळलेला असूच शकत नाही. मी त्याला सणसणीत उत्तर पाठवलं, छापलं नाही. वहिनीने त्या विद्वानाचं पान चपलांच्या कप्प्यात अंथरलं.

मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. माझा भाऊ रस्तोरस्ती बोलत होता. औषध घ्यायचं नसलं तरी मी त्या दुकानाशी रेंगाळायचे. वहिनी मात्र गाणं सुरू झालं की उठून खिडकी लावायची आणि पुन्हा भाजी चिरायला बसायची. तोंडावरची माशी हलायची नाही.

एका रविवारी टोपीवाला घरी आला. टोपी हातात धरून. बराच वेळ त्याने चहात साखर ढवळली.

"काकू, गाण्याची नवी आवृत्ती काढतोय," तो म्हणाला. "मोठी. गायिका म्हणते, मोजणी ती स्वतः करेल. तुमचा कोरस पुन्हा हवाय. पण तुम्ही नाही म्हणालात तर काकांचा आवाज तसाच ठेवतो. मी भांडेन तिच्याशी."

"काढून टाका," वहिनी म्हणाली. तिने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

तो जिना उतरताच मी तिच्यावर उसळले.

"वहिनी, तुला काही वाटतं की नाही? जन्मभर त्याला कापलं त्यांनी. आता कुठे लोक ऐकतायत, तर तू म्हणतेस काढा?"

"वन्सं, बसा आधी." ती मला वन्संच म्हणायची, सुरुवातीला थट्टेने आणि मग सवयीने. "तुम्हाला तो आवाज कुठेही ऐकू आला तर काय होतं?"

"बरं वाटतं."

"माझ्या छातीत श्वास भरतो. गाण्याचा. 'चार' झालं की तोंड उघडतं आपोआप. दुकानात, रस्त्यात, कुठेही. परवा जरा एकटी होते. म्हटलं, आता रडू येतंय, येऊ दे. हुंदका इथपर्यंत आला," तिने गळ्याला हात लावला, "आणि खाली कोणाची तरी गाडी थांबली, त्यात हे मोजायला लागले. भरला श्वास. मग आ वासून बसले नुसती. रडू गेलं ते गेलंच." हे सगळं ती दुधाचा हिशोब सांगावा तशी सांगत होती. "ते माझ्यापुरतं मोजायचे हो. आता सगळ्यांसाठी मोजतात."

मी टोपीवाल्याचा कप उचलून विसळायला घेतला.

रेकॉर्डिंगला मी तिच्यासोबत गेले. खोली लहान, भिंतींना करडा स्पंज, जमिनीवर वायरींचा गुंता. कोरसवाले आपापल्या जागी उभे राहिले. वहिनीच्या मागची जागा कोणी घेतली नाही. यंत्राची टकटक सुरू झाली, सगळे शिरले. वहिनी मागे राहिली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. रेकॉर्डिस्ट म्हणाला, जाऊ दे, त्यांच्याशिवाय घेऊ. टोपीवाला नाही म्हणाला. कोणीतरी मागे उभं राहून मोजून बघू या, असं ठरलं. एकाने मोजलं, ती चुकली. दुसऱ्याने मोजलं, ती चुकली. मग ती वळली आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे तिने पाहिलं. तिथे मी बसले होते.

"वन्सं, तुम्ही मोजा. रोज मोजताच की."

त्यात खरंच काही अवघड नव्हतं. सगळा दिवस तेच तर करते मी. हेडफोन चढवला आणि दादाच्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिचा हेडफोनबाहेर ठेवलेला कान, कानामागची पांढरी बट, मानेवरचा तीळ, हे सगळं त्याला दिसत असणार. टकटक सुरू झाली.

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन."

पुढचा आकडा येईना. मैदानभर ऐकू जाणारा माझा आवाज, तो गळ्यात कुठेतरी बसला. मी तोंड उघडं ठेवून उभी, आणि गालांवरून काहीतरी ओघळत होतं.

वहिनी शिरली. मोजणी अर्धवट राहिली तरी ती बरोबर वेळेवर शिरली. सगळा कोरस तिच्यामागे गेला. शेवटचा सूर होईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. फक्त हात मागे करून माझं मनगट धरून ठेवलं. हात थंडगार होता.

सूर थांबले. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं, "झकास. मोजणी तेवढी कापू ना?"

सगळे वहिनीकडे पाहायला लागले. वहिनी माझ्याकडे पाहत होती.

"कापा," मी म्हटलं.