शब्दाखाली नसलेली ओळ

शुद्धलेखन माझं कच्चं आहे, अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं... म्हणजे हे कधी कुणाला पाठवलं तर. भास, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही.

कर्जतला मी एका सरांकडे स्वयंपाक करते. त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता दोन्ही डोळे गेलेत. त्यांची एक जुनी, उशीएवढी जाड डिक्शनरी आहे. तिच्यात शब्दाखाली नुसता अर्थ नाही, मोठमोठ्या लेखकांच्या पुस्तकांतल्या ओळी छापल्यात. सर म्हणतात, "अर्थ सांगून शब्द कळत नाही गं. तो कुणी कुठे वापरला ते बघावं लागतं."

भांडी आवरली की मी कुठलंही पान उघडायचं आणि एका शब्दाची अक्षरं सांगायची. एबीसीडी मला सोनीने, माझ्या मुलीने, शिकवलेली. सर त्याखालची ओळ तोंडपाठ म्हणायचे, मग मराठीत सांगायचे. मी अडखळले की म्हणायचे, "भाजीत मीठ विसरलीस तरी चालेल, अक्षर खाऊ नकोस!"

सोनी मागच्या पावसाळ्यात तापाने गेली. खोपोलीच्या दवाखान्यात. नर्सने मला औषध आणायला खाली पाठवलं, नवरा तिच्या उशाशी थांबला. मी वर आले तोवर संपलं होतं. तेव्हापासून मनात एकच — तिने मला हाक मारली असेल का? नर्सला काय, नवऱ्यालाही विचारायला माझी जीभ उचलली नाही.

पुन्हा कामावर गेले तेव्हा सर सोनीबद्दल काही बोलले नाहीत. "पान उघड," एवढंच म्हणाले.

"सी... ए... एल... एम."

"शांत. निवांत," सर म्हणाले. इंग्रजीत ओळ म्हटली, मग मराठीत — "जिन्यावर आईची पावलं तिला ऐकू आली, एक वाजणारं, एक न वाजणारं. मग तिने हाक मारली नाही."

मी त्या शब्दाखाली बोट दाबून धरलं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात माझ्या एका चपलेचा पट्टा तुटला होता. ती हातात घेऊन मी तशीच वर धावले होते. हे मी कुणाला, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मी सरांच्या सुनेला हाक मारली. वहिनींनी चष्मा लावून त्या शब्दाखालचं सगळं वाचलं. समुद्र, वारा, कुणी राजा... "बाबा, जिन्याचं काही नाहीये इथे."

"नाही कसं? वर्गात किती वेळा सांगितलीय!" सर चिडले. पुन्हा म्हणायला गेले, तर ओळ आठवेचना. ना इंग्रजीत, ना मराठीत.

"आत्ता काय म्हणालो गं मी?" त्यांनी मलाच विचारलं.

मी डिक्शनरी मिटून जागेवर ठेवली.

पळसदरीला घरी आले. नवरा जेवत होता. त्याला म्हटलं, "पोरीनं हाक नाय मारली. माझी पावलं ऐकली तिनं."

त्याचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं गं?"

त्याला काय सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.