हरवलं ते कोणाचं

माझ्या जाऊबाई मला थोरल्या बहिणीसारख्या होत्या, असं मी आज गावात कोणाला सांगितलं तर लोक तोंडावर हसतील. पण लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते अगदी खरं होतं. साकोलीपासून बरंच आत, तलावाच्या पाळीखाली आमचं गाव. घरात सासूबाई, भासरे म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाई, माझा नवरा आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, एकत्र, चूलही एकत्र. मी माहेरी कधी चिखलात उतरले नव्हते. रोवण्याच्या वेळी कंबर न मोडता कसं वाकायचं ते जाऊबाईंनी शिकवलं. सासूबाई बोलायला लागल्या की त्या मध्ये पडायच्या आणि माझ्या वाट्याचं बोलणं स्वतःवर घ्यायच्या. मला नावानं कधी हाक मारली नाही त्यांनी. ‘पोरी’ म्हणायच्या.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासूबाईंचा पितळेचा गुंड, पाणी भरायचा मोठा घडा, बुडातून गळायला लागला होता. मोड देऊन नवा आणायचा, तर भंडाऱ्याला जाणं आलं. पुरुषांना सवड नव्हती, म्हणून आम्ही दोघीच गुंड फडक्यात बांधून एसटीत बसलो. कारध्याचा पूल आला तसे जाऊबाईंनी वैनगंगेला हात जोडले, आणि मलाही जोडायला लावले. दुकानदाराशी घासाघीस त्यांनीच केली. नवा गुंड घेऊन वर काही सुटे पैसे उरले.

बसस्टँडवर एक लॉटरीवाला दोरीला चिमटे लावून तिकिटं टांगून उभा होता. जाऊबाई तिथेच थबकल्या.

“घेऊन पाहू काय वं पोरी?”

“आत्याबाई रागावतील जी.” सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, जाऊबाई त्यांच्या माघारी बुडी, म्हणजे म्हातारी, म्हणायच्या.

“बुडीले आपण सांगू, दुकानदारानं कमी देल्ले.”

असं म्हणून त्या स्वतःच इतक्या हसल्या की लॉटरीवालाही हसला. त्यांनी दोन तिकिटं घेतली, एक माझं, एक त्यांचं. त्यांना वाचता येत नव्हतं, मी चौथी शिकलेली. मी दोन्हींचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. सगळे आकडे सारखे, फक्त शेवटचा वेगळा. एकावर सहा, दुसऱ्यावर सात. कोणतं कोणाचं हे आम्ही ठरवलंच नाही. त्याची गरज तेव्हा वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनाच राहवलं नाही. सासूबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. सासूबाई थोड्या पुटपुटल्या, पण नवा गुंड मनाजोगा होता, म्हणून निभावलं. तिकिटं आम्ही घडी करून देवाजवळच्या जुन्या डबीत ठेवली.

पुढं एकदा डबी उघडली तर आत एकच तिकीट. सहाचं. दुसरं कुठे गेलं, कोणास ठाऊक. उंदरानं नेलं असेल, वाऱ्यानं उडालं असेल, नाहीतर कचऱ्यात गेलं असेल. जाऊबाईंनी उरलेलं तिकीट उचलून पदराला बांधलं.

“तुयं हरवलं वं पोरी. हे माहं हाय.”

“असं कसं जी? हे माहं, हरवलं ते तुमचं.”

आम्ही बराच वेळ भांडलो. खोटं, हसत हसत. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, माझा नवरा ओसरीवर होता. दोघांनीही ऐकलं. शेवटी मीच म्हटलं, “घ्या, तुम्ही मोठ्या आहा. हे तुमचं. हरवलं ते माहं.” त्यांनी माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली.

निकाल लागला त्या दिवशी भासरे साकोलीच्या बाजाराला गेले होते. जाऊबाईंनी ते तिकीट त्यांच्यासोबत दिलं होतं. परत आले ते अंगणातूनच बोलत.

“एका आकड्यानं गेलं ना! पन्नास हजाराचं बक्षीस. दुकानवाला म्हणे, सात पायजे होता, तुमचा सहा हाय. नशीबच फुटकं आपलं!”

ते हसत होते. जाऊबाईंचा चेहरा मात्र उतरला. भासऱ्यांसमोर मी बोलत नसे, म्हणून त्याच चुलीपाशी आल्या आणि मला विचारलं, “पोरी, दुसऱ्यावर का होतं?”

“सात,” मी म्हटलं.

त्या एका शब्दाचा मी पुढं आयुष्यभर विचार केला. पाच म्हटलं असतं तर? आकडे मीच वाचले होते, घरात दुसऱ्या कोणी ते नीट पाहिलेही नव्हते. पाच म्हटलं असतं तर भासरे आणखी थोडा वेळ नशिबाला शिव्या देऊन जेवायला बसले असते, आणि घर घर राहिलं असतं. पण खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. मलाही तर आनंदच झाला होता! तिकीट घरातच कुठेतरी असेल, सापडेल, असंच वाटलं होतं.

पहिल्यांदा बोलला माझा नवरा. “मंग ते तं हिचं होतं. वहिनी, तुमीच म्हटलं होतं ना, तुयं हरवलं म्हणून?”

“मस्करीत म्हटलं होतं मी,” जाऊबाई म्हणाल्या. “मस्करी का खरी धरतेत का कोणी? तिकीट मी घेतलं. सातचं माहंच होतं.”

“आणि आमी सगळ्यांनी आयकलं ते?”

“तू मधात बोलू नको,” भासरे म्हणाले. मघाचं हसू त्यांच्या तोंडावर राहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. “भांडता कायले? पैसे माहे होते. गुंड माहा होता. दोन्ही तिकिटं माहीच.”

त्या संध्याकाळी चुलीवर एकच भाकरी झाली आणि तीही कोणी खाल्ली नाही.

मग शोधाशोध. धानाची ढोली रिकामी केली, फडताळं उचकली, गाद्या उसवल्या, गोठ्यातलं शेण चाळलं, उंदरांची बिळं खणून काढली. घराची जमीन जागोजागी उखडली. सुरुवातीला सगळे मिळून शोधत होतो. मग दोघं भाऊ भंडाऱ्याला चौकशीला गेले. एकाच गाडीनं गेले, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. तिथं लॉटरीच्या दुकानात कोणीतरी त्यांना सांगितलं, “ज्याच्या हातात तिकीट, त्याचंच बक्षीस. कोणी घेतलं, कोणाच्या पैशानं घेतलं, ते कोणी विचारत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हातात आहे?”

दोघांचेही हात रिकामे होते. परत आले तेव्हापासून शोधणं थांबलं आणि राखण सुरू झाली. मी खोलीत झाडायला गेले की जाऊबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. त्या आत गेल्या की नवरा मला खुणेनं म्हणायचा, जा, पाहा. कोणी कोपऱ्यात वाकलं की दुसरा धावत यायचा. ज्याला सापडेल तो गुपचूप भंडाऱ्याची गाडी पकडेल, हीच सगळ्यांची भीती. कोणीच कोणाला शोधू देईना. बक्षीस न्यायची मुदत होती ती तशीच निघून गेली. तिकीट खरंच घरात असलं, तरी ते आम्हीच सापडू दिलं नाही, असं मला आज वाटतं.

मुदत संपल्यावर सगळं शांत होईल असं मला वाटलं होतं. उलट झालं. आता प्रत्येकाची खात्री झाली की दुसऱ्यानं बक्षीस आणलं आणि लपवलं. पावसाळ्याआधी वाटणी झाली. अंगणात मातीची भिंत उभी राहिली. बांध्या अर्ध्या झाल्या, तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं सख्खे भाऊ कुदळी घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. लोकांनी ओढून बाजूला केलं म्हणून ठीक. सासूबाई आळीपाळीनं दोन्हीकडे जेवायच्या. इकडे आल्या की मला विचारायच्या, “तिच्याजवळ असतीन का वं पैसे?” तिकडे जाऊन माझ्याबद्दल विचारत असतील.

त्यानंतर आमच्या दोन्ही घरांना काही विकत घेणं म्हणजे पाप झालं. दिवाळीत माझ्या भावानं मला जरा बरं लुगडं दिलं, तर विहिरीवर जाऊबाई मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “लॉटरीचं दिसते.” मी बादली तिथेच ठेवून घरी आले. पण आम्हीही काही वेगळे नव्हतो. भासऱ्यांनी कर्ज काढून छपरावर नवी कवेलू घातली, त्या दिवशी माझा नवरा दारात बसून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, पाहा, कोणाचे पैसे कोणाच्या घरावर चढले. मी आत ऐकत होते. मी त्याला गप्प बस म्हटलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पुढं मुलं झाली, मोठी झाली. भिंतीच्या अलीकडची पलीकडच्यांशी खेळली नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा दोघा भावांनी खांदा दिला, एकमेकांकडे न पाहता.

मग, मधे बरीच वर्षं गेल्यावर, जाऊबाईंनी अंथरूण धरलं. पोटात काहीतरी होतं, भंडाऱ्याच्या डॉक्टरनं हात टेकले होते. मला राहवलं नाही. आंबील करून त्यांच्या घरी गेले. भासरे दारातून बाजूला झाले. जाऊबाई खाटेवर होत्या, हाडांवर नुसती कातडी. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पोरी,” त्या म्हणाल्या. किती वर्षांनी.

मी त्यांच्या उशाशी बसले, चमच्यानं आंबील पाजली. थोडी प्याल्या. मग माझं मनगट धरलं.

“आता तं खरं सांग. तुले सापडलं होतं ना?”

“नाही जी. देवाशपथ नाही.”

“मी कोणाले सांगणार हाय आता? मरून राहिली मी. सांग नं.”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं ओठावर आलेलं मीही त्याच क्षणी बोलून गेले. “तुमाले नाही सापडलं का?”

त्यांनी माझा हात सोडला. “पाहा,” भिंतीकडे तोंड फिरवून त्या म्हणाल्या, “अजून मलेच विचारून राहिली.”

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. थोड्याच दिवसांत गेल्या. मी गेले तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या. मला जागा करून देत एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, पण फार हळू नाही. म्हणाली, “सरक वं तिकडे. लॉटरीवाली आली.”