आत्याबाईंच्या निरगाठी

माझ्या नवऱ्याच्या आत्यांइतकं मनापासून रागावणारं माणूस अख्ख्या नॉटिंगहॅममध्ये दुसरं नव्हतं. टीबॅगवर राग, हवामान सांगणाऱ्या बाईवर राग, सुपरमार्केटातल्या बोलक्या मशिनवर तर विशेष राग. त्याच्याशी त्या खणखणीत मराठीत भांडत. बसमध्ये कुणी गोड आवाजात विचारलं, की तुम्ही मूळच्या कुठल्या, तर म्हणत, "दोन स्टॉप मागच्या." समोरच्याने "त्याच्या आधी?" म्हटलं, की "तीन."

पण खरा, जपून ठेवलेला राग त्यांच्या पुस्तकांत होता. तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या, तेव्हा वॉर्डातल्या जमैकन मैत्रिणीबरोबर त्या खोली शोधत दारोदार हिंडल्या होत्या. खिडकीत 'खोली भाड्याने'ची पाटी, आणि दारात "आत्ताच गेली!" रिटायर झाल्यावर त्यांनी त्या एकेका दाराचं पुस्तक हाताने करायला घेतलं. पुठ्ठ्याचं कव्हर त्या दाराच्या रंगाचं, आत जुन्या चादरीची पानं, आणि दारात ऐकलेलं वाक्य गोधडीच्या टाक्यांनी शिवलेलं. चिकटवायला मैद्याची खळ. ती एकदा माझ्या नवऱ्याने सूप समजून चाखली आणि वर मीठ मागितलं. दोन दिवस आत्याबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत.

प्रत्येक पुस्तक दोऱ्याने बांधलेलं, आणि दोऱ्याला निरगाठ. सोडवताना नखं दुखायची. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "दुखू दे. दार उघडायला आम्हाला किती वेळ लागला, कळू दे ना लोकांना."

इथल्या एका गॅलरीने ती पुस्तकं प्रदर्शनात मांडली. उद्घाटनाला आम्ही नटूनथटून गेलो, तर सगळ्या गाठी कापलेल्या! त्यांच्या जागी गुलाबी रिबिनी. तिथली हसरी बाई म्हणाली, "व्हिजिटर्सना उघडायला त्रास झाला असता. आता किती वेलकमिंग वाटतं ना?"

माझं डोकं तापलं. ज्या शहराने या बाईच्या तोंडावर दारं लावली, त्याला आता तीच दारं विनासायास उघडून हवी होती, वर वाइन आणि चीज! आत्याबाई मात्र ओरडल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले. त्यांनी पर्समधून दोरा काढला, जमिनीवर मांडी घातली, रिबिनी भिरकावल्या आणि संधिवाताने सुजलेल्या बोटांनी पुन्हा गाठी मारायला सुरुवात केली.

"आत्या, राहू द्या, मी करते."

"तू ती वाइन लांब धर. डाग पडतील."

पाहुणे वळसा घालून जात राहिले. एकानेही वाकून विचारलं नाही, की बाई, काय करताय. मला त्याचा आजही संताप येतो.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. माझ्यासाठी एक पुस्तक ठेवून गेल्या आहेत. कव्हरचा रंग आमच्याच दाराचा. रोज चहा झाला, की मी त्या गाठीशी बसते. नवरा कात्री पुढे करतो, मी त्याच्या अंगावर खेकसते. आमच्या दारात त्यांनी कोणतं वाक्य ऐकलं, काय शिवून ठेवलं, मला ठाऊक नाही. "आत या, आत्या, थंडी आहे," एवढंच असू दे.